हुकूमनामा मिळाला, वसुलीचं काय?

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

साकीनाक्याला माझा पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा लहान कारखाना आहे. दिवाणी दाव्यांत सुधारणा करायची म्हटलं की चर्चा निकाल लवकर कसा लागेल याचीच होते. आमची खरी अडचण निकाल लागल्यावर सुरू होते.

काही बदल चांगले झाले, ते मान्य करायलाच हवेत. २०१५ चा व्यापारी न्यायालयांचा कायदा आला, २०१८ मध्ये त्यातली दाव्याच्या किमान रकमेची मर्यादा १ कोटीवरून ३ लाखांवर आली, म्हणून आमच्यासारख्यांना त्याचं दार उघडलं. प्रतिवादीने १२० दिवसांत लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही तर त्याचा तो हक्क संपतो, त्यामुळे तारखा कमी झाल्या. माझा दावाही बऱ्यापैकी वेळेत निकाली निघाला. एका जुन्या गिऱ्हाईकाने माल उचलून बिलं थकवली होती. कोर्टाने व्याजासह हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा अंतिम आदेश, दिला.

गिऱ्हाईकाचं गोदाम भिवंडीला. म्हणजे मुंबईचा हुकूमनामा आधी तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यायचा आणि मग जप्तीचा हुकूम. अखेर बेलिफाबरोबर, म्हणजे जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याबरोबर, मी गोदामावर गेलो. शटरवर नवी पाटी, आत तेच कामगार आणि भिंतीला आमच्याच खोक्यांची चळत, जुन्या फर्मच्या छपाईसकट. तिथल्या माणसाने नव्या फर्मच्या नावाचा भाडेकरार आणि जीएसटीचं प्रमाणपत्र पुढे केलं. बेलिफाला त्यावर निर्णय देण्याचा अधिकार नाही. निर्णीत ऋणको (ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तो) पत्त्यावर आढळला नाही, असा अहवाल गेला. मग नव्या फर्मने जप्तीला हरकत घेतली आणि तिची चौकशी दाव्यासारखीच नव्याने सुरू झाली. माझी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, अजून पडून आहे.

बिल फाडलं त्याच महिन्याच्या हिशेबात त्यावरचा जीएसटी मी भरला होता. पैसे बुडाले म्हणून तो परत मिळण्याची सोय कायद्यात नाही. दाव्याची कोर्ट फी आधी, वकिलाची फी आधी, कागदाच्या गिरणीचं पेमेंट तर त्याहून आधी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण त्याच कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुकरता परिषदेचा निवाडा घेतला तरी समोरच्याने पैसे दिले नाहीत की वाट पुन्हा दरखास्तीचीच.

माझं गाऱ्हाणं एकट्याचं नाही. देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींचा आकडा सर्वोच्च न्यायालयाने मागवला तेव्हा तो ८ लाखांहून अधिक निघाला आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. देशाच्या आर्थिक राजधानीचं राज्य या यादीत पहिलं असावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावरचे उपाय नव्याने शोधायची गरज नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, पैशांच्या दाव्यात वादाचे मुद्दे ठरवण्याआधीच प्रतिवादीकडून मालमत्तेचा तपशील शपथेवर घेता यावा आणि गरज पडल्यास पोलिसांची मदत मिळावी. माझ्या दाव्यात असा तपशील सुरुवातीलाच आला असता तर ते गोदाम तेव्हाच कोर्टाच्या नोंदीत असतं आणि रातोरात पाटी बदलणं अवघड झालं असतं.

यातलं बरंचसं काम न्यायालयांचं आहे, तिथे सरकारने ढवळाढवळ करावी असं मी म्हणणार नाही. पण बेलिफांची पदं मंजूर करून भरणं, त्यांना गाडी आणि प्रवासखर्च देणं, मुंबई, ठाणे, रायगड, पालघर या पट्ट्यात फक्त दरखास्ती ऐकणाऱ्या न्यायालयांसाठी जागा आणि पैसा देणं, जप्तीच्या बंदोबस्ताबाबत पोलीस ठाण्यांना स्पष्ट परिपत्रक काढणं, हे सरकारच्या हातात आहे. मुंबई शहर दिवाणी न्यायालयात चालणाऱ्या दाव्यांच्या रकमेची मर्यादा आपल्या सरकारने १ कोटीवरून १० कोटींवर नेली. मोठे दावे आता तिथे येत आहेत, तर त्यांच्या दरखास्तीही तिथेच येणार. त्या प्रमाणात माणसं वाढवावी लागतील.

ज्याचं देणं खरोखरच वादात आहे, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं जावं. त्याचा एक दिवसही कमी करा, असं आम्ही म्हणत नाही. आमचा आग्रह निकाल लागलेल्या प्रकरणांपुरता आहे.

येत्या अर्थसंकल्पात बेलिफांच्या पदांसाठी आणि दरखास्त न्यायालयांसाठी वेगळी तरतूद करावी, ही विनंती. त्याआधी लहान उद्योजकांना भेटीची वेळ दिलीत, तर आम्ही आपापल्या दरखास्तींची कागदपत्रं घेऊन मंत्रालयात येऊ.

आपला,
साकीनाक्यातील एक लघुउद्योजक