तेंदूचे पैसे करारात अडकतात

संपादक महोदय,

गडचिरोलीच्या अर्थकारणावर अलीकडे जे लिहिले जाते त्यात सुरजागडचे लोहखनिज आणि येऊ घातलेले पोलाद प्रकल्प यांपलीकडे फारसे काही नसते. ती चर्चा व्हावीच. पण भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागांत उन्हाळ्यात घराघरांत रोख रक्कम येते ती बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानातून. खरिपाचे बियाणे आणि मुलांच्या वह्या त्यातूनच घेतल्या जातात. हंगाम असतो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, त्यामुळे एक चूक झाली की वर्ष गेले.

पहिली चूक फेब्रुवारी-मार्चमध्येच होते. खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, वेळेवर झाली तर साधारण दीड महिन्याने फुटवा तोडणीला येतो. ती टाळून जंगलाला आग लावली तरी नवे पान फुटते, पण मोह-चारोळीची रोपे जळून जातात. लालसर कोवळे पान वाळताना आकसते, जून पान बिडी वळताना तडकते. अशा दोन्ही पानांचे पुडे (जुड्या) फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या आणि वाळवण्याच्या जागी, नाकारले जातात आणि पहाटेपासूनची मेहनत वाया जाते.

हिशेब साधा आहे. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पाने. मजुरी शेकडा पुड्यांवर ठरते, पान विकत घेणाऱ्या ठेकेदाराने ग्रामसभेला द्यायची रॉयल्टी गोणीवर. काही फळ्यांवर शेकड्यामागे दोन-चार पुडे ‘तुटीचे’ म्हणून जादा घेतात. चार पुडे म्हणजे २८० पाने, तीही फुकट. ही रीत ग्रामसभा आणि ठेकेदार यांच्यातील करारातच बंद केली पाहिजे.

फळीवर पुडे उन्हात रांगेने मांडतात, उलटतात. वाळल्यावर पाणी शिंपडून पान मऊ करतात आणि मगच बोद (पानांची मोठी पोती) भरतात, नाहीतर पानाचा चुरा होतो. या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर पान काळे पडते, बुरशी धरते आणि ठेकेदार दर पाडायला बसतो. म्हणून ‘फळीवर मोजून घेतलेला पुडा ठेकेदाराचा, पुढचे नुकसानही त्याचेच’ हे वाक्य करारात स्पष्ट हवे.

सर्वांत मोठा घोळ रॉयल्टीचा. बोद गावाबाहेर गेले की पैसे वसूल करायला ग्रामसभेच्या हाती फक्त ठेकेदाराचा फोन नंबर उरतो. वनहक्क कायदा २००६ आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम (आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारे) यांमुळे ग्रामसभा स्वतः पान विकू शकते, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना माल गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवानाही स्वतः देता येतो. या परवान्याचे मोल आमच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने ओळखले होते. बांबूसाठी परवाना पुस्तक २७ एप्रिल २०११ रोजी त्यांच्या हाती पडले, तेही मोठ्या झगड्यानंतर. तसेच पुस्तक आज काही ठिकाणी ठेकेदाराच्या मुनिमाकडे कोऱ्या सह्यांनिशी पडून असते, हे पाहून जीव तुटतो.

पुस्तक ग्रामसभेच्या पेटीतच राहावे. जितक्या गोण्यांचे पैसे खात्यात जमा, तितक्याच गोण्यांचा परवाना फाडावा. अनामत रक्कम तोडणीपूर्वी घ्यावी. जिल्हा प्रशासनाने जानेवारीतच मराठी आणि गोंडीत नमुना करारनामा ग्रामसभांपर्यंत पोहोचवावा, म्हणजे खुटकटाईपूर्वी तो सभेत वाचून घेता येईल. मे महिन्यात फळी लागल्यावर कागद वाचायला कोणालाच सवड नसते.

– तेंदू हंगामाचे काम पाहणारा एक वाचक, ता. धानोरा, जि. गडचिरोली