पंगत हवी, छायाचित्र नको

नाताळनिमित्त वसईत चर्चच्या स्वयंसेवकांनी गरजू कुटुंबांना जेवण दिल्याची बातमी (२७ डिसेंबर) वाचून आनंद झाला. पण सोबतचे छायाचित्र खटकले. अन्नाचे पाकीट हातात घेऊन कॅमेऱ्याकडे पाहणारी बाई आणि मागे लपू पाहणारा तिचा मुलगा. त्या मुलाला दोन जानेवारीला शाळेत जायचे आहे, याचा विचार कोणीच केला नाही का?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. ते पुरते असे नाही, पण सणाच्या दिवशी उणीव भासते ती कोणी ‘या, बसा’ म्हणण्याची. रोममधील सांत एजिदिओ या ख्रिस्ती समुदायाने १९८२ मध्ये एका प्राचीन चर्चमध्येच नाताळचे टेबल मांडले. पहिल्या वर्षी जेमतेम वीसेक पाहुणे होते. आज ही प्रथा अनेक देशांत पोहोचली आहे. तिथे वाढणारे आणि जेवणारे एकाच टेबलाशी बसतात.

आमच्या गावच्या चर्चमध्ये मी काही वर्षे वाढायला जाते. एकदा एका आजींनी पानातला केक न खाता पदराच्या टोकाला बांधला, ‘नातवाला नेते’ म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही घरी नेण्याचा डबा आधीच भरून ठेवतो, मागावा लागू नये म्हणून. पुढच्या वर्षी बातमी जरूर छापा, मात्र छायाचित्र पहाटेपासून चुलीशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकांचे असावे.

– एक वाचक, वसई