प्रस्ताव पोलिसांचा, आदेशही पोलिसांचाच?

महोदय,

निवडणूक किंवा गणेशोत्सव जवळ आला की चॅप्टर केसच्या, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी घेण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईच्या, नोटिसा निघू लागतात. बांधाच्या भांडणात एकदा नाव आलेला शेतकरी, मोर्चाला गेलेला विद्यार्थी, कोणीही त्यात सापडतो. गुन्हा घडलेला नसला तरी ‘शांतताभंगाचा संभव’ एवढे कारण पुरते. ग्रामीण भागात पोलीस ठाण्याचा प्रस्ताव निदान कार्यकारी दंडाधिकारी असलेल्या तहसीलदारापुढे, म्हणजे दुसऱ्या खात्याकडे जातो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत मात्र प्रस्ताव पाठवणारे पोलीस आणि त्यावर दंडाधिकारी म्हणून बसणारेही पोलीसच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५ ने पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमण्याची मुभा राज्य सरकारला थेट दिली आहे. तिच्याआधीच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २१ मध्ये पोलिसांचा असा उल्लेख नव्हता. हा बदल मला घातक वाटतो.

वकिली करताना या नोटिसा नेहमी हाताखालून जातात. छापील नमुना, मोकळ्या जागेत नाव, वय, पत्ता आणि बाँडची, म्हणजे हमीपत्राची, रक्कम. नव्या संहितेच्या कलम १३० प्रमाणे मिळालेल्या माहितीचा सारांश लेखी द्यावा लागतो. तिथे अनेकदा ‘सदर इसम भांडखोर स्वभावाचा आहे’ एवढेच असते. माणूस हजर झाला की त्याच दिवशी अंतरिम बाँड, म्हणजे चौकशी पूर्ण होईपर्यंतचे हमीपत्र, मागतात, जामीनदार मिळाला नाही तर कोठडी. मधू लिमये प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७० सालीच बजावले आहे, की माहितीच्या खरेखोटेपणाची चौकशी सुरू झाल्याशिवाय असा बाँड मागता येत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला हे सांगणार कोण? तो मजुरी बुडवून तारखांना येत राहतो.

बंदोबस्ताची तातडी मला मान्य आहे. पण तातडीसाठी कलम १७० खाली प्रतिबंधक अटकेचा अधिकार पोलिसांकडे आहेच, आणि तोही चोवीस तासांपुरता. त्यापुढे वर्षभराच्या बाँडने माणसाला बांधायचे तर निर्णय पोलीस खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याने द्यावा. राज्य सरकारने आयुक्तालयांतील चॅप्टर केस महसूल अधिकाऱ्यांकडे सोपवाव्यात आणि तोवर प्रत्येक अंतरिम आदेशाची कारणांसह मराठी प्रत त्याच दिवशी विनामूल्य द्यावी, म्हणजे संबंधिताला सत्र न्यायालयात तरी वेळेत दाद मागता येईल.

आपला,
एक वकील वाचक