गणित शेवटच्या आठवड्यावर नको

संपादक महोदय,

नर्सिंग प्रवेश परीक्षेसाठी अनेक जण जीवशास्त्र घोकतात आणि गणित शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. गुण तिथेच जातात. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असेल, तर २०० मिलिग्रॅमसाठी किती मिली? २०० भागिले १२५, गुणिले ५, म्हणजे ८. अशी दहा उदाहरणे रोज कॅल्क्युलेटरविना सोडवावीत. डोस ग्रॅममध्ये असेल तर आधी १००० ने गुणून मिलिग्रॅम करावेत. दशांशचिन्ह एक घर सरकले तरी उत्तर दहापट चुकते, आणि पर्यायांत बऱ्याचदा तेच उत्तर ठेवलेले असते! हृदयाची आकृती मात्र नुसती वाचू नये, पुस्तक मिटून काढावी. धमन्यांत सहसा ऑक्सिजनयुक्त रक्त असते, पण फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते, हा अपवाद तेव्हाच पक्का बसतो.

– एक परिचर्या शिक्षिका