लाली गेली तरी डोळ्याचं प्रेशर मोजा : वाचनालयातर्फे आवाहन

समस्त ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळी यांस सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातल्या आपल्या खाडीकाठच्या वाचनालयाने आजवर पुस्तकांसाठी आणि एकदा गळक्या छपरासाठी वर्गणी मागितली. यंदा मागतोय ती डोळ्यांसाठी.

गेल्या हंगामात आमच्या कार्यकारिणीतल्या एकाची काकी हापूसच्या पेट्या भरत होती. पेंढ्याचं कुसळ उडून डाव्या डोळ्यात गेलं. तो मिटून ती उजव्या डोळ्यावर काम रेटायला गेली, तर समोरचा एक आंबा दिसतोय, पण भोवतालची पेटीच दिसेना. तोवर डावा डोळा दोघांचं काम करत होता, म्हणून कुणाला काही कळलंच नव्हतं.

त्याच्या दोन वर्षं आधी तिचा उजवा डोळा लाल झाला होता. ठणका आणि उजेड सोसेना. सगळ्यांनी ‘डोळे आलेत’ म्हणून सोडून दिलं. पण डोळे आले की चिपडं येतात, सहसा दोन्ही डोळे धरतात. इथे चिपडं नव्हती आणि एकच डोळा दुखत होता. कोल्हापुरात निदान झालं युव्हियायटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला सूज. स्टिरॉइडचे थेंब मिळाले आणि लालीही गेली. दोन फेऱ्या झाल्यावर काकी म्हणाली, “डोळो आता लाल नाय, मगे कित्याक जांवचा कोल्हापुराक?” पहाटेची एसटी, घाट, दिवसभराचा खाडा. तिचंही चूक म्हणवत नाही. मात्र थेंब चालूच राहिले. जुनी चिठ्ठी दाखवली की बाटली मिळायची.

गोम इथेच आहे. हे थेंब सूज उतरवतात, ते हवेतच. पण साधारण तिघांत एकाला त्यांनी डोळ्यातला दाब कमी-अधिक चढतो, बहुधा काही आठवड्यांत. सुजेनेही पाणी वाहून जायची वाट तुंबते आणि दाब वाढतो. नेहमीचा दाब १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर). तो बराच काळ वर राहिला की डोळ्याच्या मागची नस सुकत जाते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा येत नाही. हाच काचबिंदू, काकीचं तेच झालं. तो बऱ्याचदा ना दुखत ना लाल होत. दाब मोजल्याशिवाय तो वेळेत कळणं कठीण.

म्हणून थेंब आपल्या मनाने बंद करू नका (एकदम सोडले तर सूज उलटते) आणि आपल्या मनाने वर्षभर ओढूही नका. मधेमधे दाब मोजून घ्या. वाढलेला निघाला तर तो उतरवणारे वेगळे थेंब आहेत. त्यातला टिमोलॉल दम्याच्या माणसाला चालत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगावं.

आपल्याकडे याची जास्त गरज आहे. लावणीच्या चिखलात अनवाणी उतरणारी आपण माणसं, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा) ताप आपल्याला नवा नाही. तो ताप उतरल्यावर काही महिन्यांनी डोळ्याला अशी सूज येऊ शकते. क्षयामुळेही येते. दिवाळीला लाल झालेल्या डोळ्याचा संबंध श्रावणातल्या तापाशी कोण जोडणार? डॉक्टरांना ताप आठवून सांगा.

आणखी एक दुखणं याहून घाईचं. डोळा पांढराशुभ्र, पण फिरवला की दुखतो, एक-दोन दिवसांत अंधुक होतो आणि कुंकवाचा लाल रंग त्या डोळ्याने विटका दिसतो. ही खुद्द नसेची सूज. त्यात थेंबांवर वेळ घालवू नका, घरात उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्याही खाऊ नका. १९९२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं की नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना हे दुखणं जास्त वेळा उलटलं. शिरेतून औषध दिलेल्यांची नजर लवकर सुधारली. तेव्हा त्याच दिवशी मोठं इस्पितळ गाठा. तिथवर न्यायला गाडी आम्ही देऊ.

आता मागणं. हातात धरून दाब मोजायचं यंत्र घ्यायचं आहे, ज्याला डोळा बधिर करायचे थेंब लागत नाहीत. त्याची बारीक काडी मात्र माणसागणिक नवी लागते, त्यामुळे खर्च एकदाच संपणारा नाही. तालुक्याच्या गावातले एक नेत्रतज्ज्ञ महिन्यातून एका रविवारी यायला तयार आहेत. फी नको म्हणाले, पेट्रोल तेवढं आपण द्यायचं. शिवाय ज्यांना पुढे पाठवायचं त्यांच्यासाठी महिन्याला कोल्हापूरची एक गाडी.

घरटी ५०० रुपये धरले आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी लाजू नये, तपासणी सगळ्यांना फुकट. चाकरमान्यांनी गणपतीत डेकोरेशनमधली एक माळ कमी लावली तरी आमचं काम होईल. पावती वाचनालयात संध्याकाळी ४ ते ७, हिशेब दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर.

पैशाइतकीच माणसं हवीत. कुणाची तारीख कधी आहे ते वहीत लिहून आदल्या दिवशी फोन करणारी दोन कॉलेजची मुलं द्या. मेडिकलवाल्या भावांनाही विनंती, जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइडचे थेंब मागितले तर आधी आमच्याकडे पाठवा.

पहिली तपासणी नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, सकाळी ९ पासून वाचनालयात. येताना डोळ्यात घालता ती बाटली आणा, रिकामी असली तरी चालेल. काकी दारातच बसलेली असेल, नावं तीच लिहून घेणार आहे.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी