रेजेक्सची भीती घालवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही आमच्या टीममध्ये नव्हतात आणि आमची व्हॅलिडेशनची (भरलेली माहिती बरोबर आहे का हे तपासणारी) फाइल काही तुमच्या कामाच्या यादीत नव्हती. तरीही ती तुम्ही उघडलीत आणि आमच्याबरोबर ओळ न् ओळ वाचलीत. त्याचे आभार चारचौघांत मानायचे, असं बरेच दिवस मनात होतं. तुम्ही जे दाखवलंत ते रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का हे तपासणारा पॅटर्न, लिहिणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र उघडच लिहितो आहे.

त्या फाइलमधले पॅटर्न आम्हाला वारशाने मिळाले होते. लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले होते. कोड कव्हरेज, म्हणजे टेस्ट चालताना किती कोड चालला त्याचं प्रमाण, शंभर टक्के दिसायचं, टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, असायच्या, पण त्यातल्या एका अक्षराला हात लावायला कोणी धजत नव्हतं. नवी गरज आली की जुन्या पॅटर्नच्या पुढे आणखी एक अट जोडायची आणि गप्प बसायचं, असा सगळा कारभार.

तुम्ही पहिल्यांदा बोट ठेवलंत ते त्या शंभर टक्क्यांवर. रेजेक्स कितीही गुंतागुंतीचा असला तरी कव्हरेज मोजणाऱ्या टूलला तो एकच ओळ दिसतो. एका टेस्टने ती ओळ चालली की कव्हरेज पूर्ण. आतल्या कंसांपैकी, आकड्यांच्या मर्यादांपैकी, पर्यायांपैकी काय तपासलं गेलं, याचा त्या आकड्यात मागमूसही नसतो. कव्हरेजला इतकी वर्षं मान देणाऱ्या आमच्यासारख्यांना हे आधी कोणी इतक्या सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही चोवीस तासांची वेळ तपासणारा पॅटर्न निवडलात (`^` म्हणजे स्ट्रिंगची, म्हणजे तपासायच्या मजकुराची, सुरुवात, `$` म्हणजे शेवट, चौकटी कंसात त्या जागी चालणारे आकडे आणि `|` म्हणजे किंवा):

`^([01][0-9]|2[0-3]):[0-5][0-9]$`

त्याच्या टेस्ट मोजक्या होत्या. "09:30" चालावं, "25:00" चालू नये, रिकामी स्ट्रिंग चालू नये आणि "नमस्कार" चालू नये. वाचायला पुरेशा वाटतात. तुम्ही म्हणालात, "आता पॅटर्न मुद्दाम बिघडवू आणि टेस्टना कळतंय का बघू." म्युटेशन टेस्टिंगचं सगळं सार या एका वाक्यात आलं. कोडमध्ये एक बारीकसा बदल करायचा, त्या बदललेल्या प्रतीला म्युटंट म्हणायचं आणि सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या. एखादी टेस्ट फेल झाली तर म्युटंट मेला. सगळ्या पास झाल्या तर तो वाचला, म्हणजे तिथे पहारा नाही.

आमच्याकडे वाचलेल्यांची यादी बरीच लांबली. सुरुवातीची `^` काढली, टेस्ट हिरव्या. आमच्या कोडमध्ये पॅटर्न स्ट्रिंगमध्ये कुठेही शोधला जातो, त्यामुळे आता "912:30" बिनदिक्कत आत येत होतं. शेवटचा `$` काढला, तरी हिरव्या. "12:300" आत. मिनिटांचं `[0-5]` बदलून `[0-6]` केलं, तरी कोणाला पत्ता नाही. `[01]` मधला `1` उडवला, म्हणजे सकाळी दहापासून संध्याकाळी ७:५९ पर्यंतच्या सगळ्या वेळा नाकारल्या जाऊ लागल्या, आणि टेस्ट तरीही हिरव्याच. कामकाजाचा जवळजवळ अख्खा दिवस गायब होतो आणि एकही टेस्ट हूं की चूं करत नाही, हे पाहिल्यावर आम्ही सगळेच खुर्च्या पुढे ओढून बसलो.

यादी हातात आल्यावर प्रत्येक म्युटंटमागे एक टेस्ट असं लिहीत सुटण्यापासूनही तुम्हीच थांबवलंत. तुम्ही "23:59" ही एकच स्ट्रिंग फळ्यावर लिहिलीत आणि विचारलंत, हिच्याने कोण कोण मरतं? तासाचं `[0-3]` आखडून `[0-2]` करणारा मरतो. मिनिटांच्या दहम स्थानी `[0-5]` चं `[0-4]` करणारा मरतो. शेवटच्या `[0-9]` चं `[0-8]` करणाराही मरतो. सीमेवरची एक नेमकी स्ट्रिंग मधल्या ढीगभर स्ट्रिंगांपेक्षा जास्त काम करते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. कोणती सीमा आणि नेमकी का, हे त्या दिवशी दिसलं.

त्यानंतरचा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडला. "12:60" आणि "12:300" नाकारणाऱ्या टेस्ट घातल्यावर तुम्ही पॅटर्नमधला गोल कंस हातानेच काढून टाकलात. कंस गेला की उभ्या रेघेचा अर्थच बदलतो. पहिला पर्याय "सुरुवातीला तासाचे दोन आकडे, पुढे काहीही" इतका सैल होतो. ही चूक भल्याभल्यांच्या कोडमध्ये सापडते. कंसासाठी म्हणून आम्ही एकही टेस्ट लिहिली नव्हती, तरी त्या दोन्ही टेस्ट लगेच लाल झाल्या. मग तुम्ही सांगितलंत की १९७८ साली डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी आपल्या शोधनिबंधात नेमकी हीच अपेक्षा मांडली होती: बारीक चुका पकडणाऱ्या टेस्ट मोठ्या, गुंतागुंतीच्या चुकाही बहुतेक वेळा पकडतात. त्याला ते कपलिंग इफेक्ट म्हणतात. मूळ कल्पना लिप्टन यांनी १९७१ मध्ये, विद्यार्थी असताना मांडली होती. इतकी जुनी गोष्ट आमच्यापर्यंत पोचायला तुम्हाला यावं लागलं, याची मला अजूनही हळहळ वाटते.

मरतच नाहीत अशा म्युटंटांबद्दल आमचा गोंधळ उडणार, हे तुम्ही आधीच ओळखलं होतं. पायथनमधलं मॅच हे फंक्शन मुळातच स्ट्रिंगच्या सुरुवातीपासून जुळवतं. तिथे `^` काढली तरी काहीच बदलत नाही, म्हणून तो म्युटंट मारणारी टेस्ट असूच शकत नाही. असे समतुल्य म्युटंट ही या तंत्राची जुनी डोकेदुखी. सर्वसाधारण प्रोग्रॅमच्या बाबतीत म्युटंट समतुल्य आहे की नाही हे दर वेळी खात्रीने सांगणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. रेजेक्सचं तसं नाही, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. गणिती क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या मूळ अर्थाने जो पॅटर्न रेग्युलर आहे, त्याचं फायनाइट ऑटोमेटन, म्हणजे एकेक अक्षर वाचत शेवटी हो की नाही सांगणारं मोजक्या अवस्थांचं कल्पित यंत्र, बनवता येतं. दोन ऑटोमेटा नेमक्या त्याच स्ट्रिंग स्वीकारतात का, हे यंत्राला ठरवता येतं, आणि स्वीकारत नसतील तर दोघांत फरक करणारी स्ट्रिंगही काढून देता येते. म्हणजे हवी ती टेस्ट आयती हातात! पॅटर्नमध्ये बॅकरेफरन्स (आधी जुळलेला भाग पुन्हा तसाच मागणाऱ्या खुणा) आले की मात्र ही हमी संपते, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलंत. म्युटरेक्स नावाचं संशोधनातलं टूल याच वाटेने मूळ पॅटर्न आणि म्युटंट यांना वेगळं करणाऱ्या स्ट्रिंग तयार करतं. रोजच्या कामासाठी तुम्ही आम्हाला स्ट्रायकर हे म्युटेशन टेस्टिंगचं टूल सुचवलंत, कारण त्याच्याकडे रेजेक्सचे म्युटंट बनवणारी वेपन रेजेक्स ही लायब्ररी आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, कदाचित सगळ्यात जास्त. या तंत्राच्या मर्यादा तुम्ही लपवल्या नाहीत. आम्ही हुरळलेले असताना तुम्ही नावाच्या रकान्याचा पॅटर्न उघडलात. त्यात पायथनचा बॅकस्लॅश डब्ल्यू (`\w`) हा शॉर्टहँड होता, म्हणजे कोणतंही अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोअर. "कमल" चालत होतं, "!कमल" आणि "कमल!" अडत होते, रिकामी स्ट्रिंग अडत होती. सगळे म्युटंट मेले. मग तुम्ही "किरण" टाइप केलंत आणि ते नाकारलं गेलं. पायथनचं नेहमीचं रेजेक्स मॉड्यूल त्या शॉर्टहँडमध्ये वेलांटीला धरतच नाही, कारण युनिकोडच्या लेखी मात्रा हे अक्षर नसून चिन्ह आहे. "कमल" मध्ये एकही मात्रा नाही, म्हणून ते निसटलं. पॅटर्नमध्ये जे लिहिलेलं आहे तेच म्युटेशन हलवून बघतं. जे लिहायचंच राहिलं, त्याचा म्युटंट कुठून येणार? तिथे माणसालाच विचार करावा लागतो, आणि तो विचार तुम्ही आमच्यासमोर मोठ्याने केलात.

वेगाचंही तसंच. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा एका रेजेक्समधल्या बेसुमार बॅकट्रॅकिंगमुळे, म्हणजे पुन्हा पुन्हा मागे जाऊन जुळवून पाहण्यामुळे, सुमारे २७ मिनिटं कोलमडली होती. पॅटर्न काय स्वीकारतो आणि किती वेळात स्वीकारतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर म्युटेशन स्कोअरमध्ये, म्हणजे किती म्युटंट मेले त्या प्रमाणात, शोधू नका, असं तुम्ही बजावलंत. तेव्हापासून लांबलचक, वाकड्या स्ट्रिंगांच्या टेस्ट आम्ही वेगळ्या ठेवतो.

आता तुम्ही गेल्यानंतरची हकिगत. `[0-3]` चं `[0-4]` करणारा म्युटंट तुम्हाला आठवत असेल. तो वाचला होता, कारण आमची टेस्ट "25:00" वर होती, "24:00" वर नव्हती. टेस्ट लगेच लिहून टाकू, असं आम्ही म्हणालो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "पण 24:00 चालायला हवं की नको, हे ठरलंय कुठे?" ते कुठेच ठरलेलं नव्हतं. वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांच्यातच दोन मतं निघाली. शेवटी नको असं ठरलं आणि तशी टेस्ट आली. अलीकडे त्यांनीच विचार बदलला: दिवस संपण्याची वेळ म्हणून "24:00" चालावं, पण त्यापुढचं एक मिनिटही नाही. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने ते काम स्वतःहून मागून घेतलं. तिने पॅटर्न असा केला:

`^(([01][0-9]|2[0-3]):[0-5][0-9]|24:00)$`

जुनी टेस्ट उलटवली, "24:01" नाकारणारी नवी टेस्ट घातली, स्ट्रायकर चालवला, उरलेले म्युटंट पाहिले आणि रिव्ह्यूला पाठवलं. रिव्ह्यूत चर्चा झाली ती बाहेरचा कंस का हवा यावर. त्यावरही तिच्याकडे टेस्ट तयार होती. ज्या फाइलला आम्ही हात लावत नव्हतो, त्या फाइलमधला हा बदल होता, ताई, आणि कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

तारखेचा पॅटर्न अजून राहिला आहे. लीप वर्ष रेजेक्समध्ये बसवायचं की सरळ कोडमध्ये तपासायचं, यावर आमच्यात वाद चालू आहे. माझं मत कोडच्या बाजूने आहे, कारण रेजेक्सने फक्त आकार बघावा. तुमचं मत कळवलंत तर फार बरं होईल.

मनापासून आभार.

तुमचा,
पलीकडच्या टीममधला एक डेव्हलपर