मुलांचं दुखणं म्हणजे बहाणा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या वेळी दुखणाऱ्या पोटांवरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. लेखक अनुभवी शिक्षक आहेत, त्यांच्याविषयी आदर आहे. पण ‘लक्ष दिलं नाही की दुखणं आपोआप पळतं’ हे त्यांचं म्हणणं वाचून संताप आला. हेच मी सात महिने ऐकत होते आणि, सांगायला लाज वाटते, लेकीला ऐकवतही होते.

तेव्हा ती दुसरीत होती. सकाळी उठली की गुडघा दुखतो म्हणायची आणि संध्याकाळी खाली पोरांबरोबर लंगडी खेळायची. मग काय, शाळा नको म्हणून नाटकं, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. सासूबाई तेल चोळून द्यायच्या, ‘हाडं वाढतायत, दुखायचंच’ म्हणायच्या. प्रार्थनेला मांडी घालत नाही म्हणून बाईंनी तिला भिंतीशी उभं केलं, डायरीत लाल शेरा मारला. एका सकाळी मी दार उघडलं तर ही जिन्यावर बसून एकेक पायरी घसरत उतरत होती, दप्तर पुढे ढकलत. मी दिसल्याबरोबर झटकन उभी राहिली. सात वर्षांची पोर आईपासून दुखणं लपवायला शिकली होती.

निदान झालं ते संधिवाताचं. तो लहान मुलांनाही होतो हे मला माहीतच नव्हतं. रक्ताचे पहिले रिपोर्ट नॉर्मल आले, त्यातही वेळ गेला. वाढत्या वयात पाय दुखतात ते बहुतेक रात्री, दोन्ही पाय, आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. हिचं नेमकं उलटं होतं. सकाळी गुडघा आखडलेला, दिवस चढला की मोकळा. म्हणजे संध्याकाळची लंगडी हीच आजाराची खूण होती, आणि आम्ही तीच तिच्या खोटेपणाचा पुरावा धरली! या आजारात डोळ्यांच्या आतही सूज येऊ शकते, ती बहुतेकदा मुलाला जाणवतसुद्धा नाही. म्हणून आजही ठरल्या वेळी तिचे डोळे तपासून आणावे लागतात.

प्रत्येक पोटदुखीमागे असा आजार नसतो, मान्य. पुष्कळदा तपासण्यांत काहीच निघत नाही. तरी दुखणं खरंच असतं, ताणामुळे दुखलं तरी ते दुखतंच. देशोदेशीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाचांतल्या साधारण एका मुलाला तीन महिन्यांहून जास्त काळ टिकणारं दुखणं असतं. डोकं, पोट, पाठ, सांधे. चाळीस मुलांच्या वर्गात अशी आठ झाली. लेखकांनी इतकी वर्षं शिकवलं, त्यांच्यासमोर अशी किती बसली असतील?

त्याच पानावर दप्तराच्या ओझ्याबद्दल ‘सवयीने जमतं’ असंही छापलंय. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, हे राज्य सरकारने २०१५ मध्येच सांगितलंय. लेक आता सहावीत आहे, वजन २९ किलो. काल तिचं दप्तर काट्यावर ठेवलं तर साडेपाच किलो भरलं. दुखऱ्या गुडघ्याला याची सवय कशी व्हायची?

मूल दुखतंय म्हणालं तर कुठे दुखतं, केव्हापासून, सकाळी जास्त की रात्री, एवढं तरी विचारावं, हेही त्याच पुरवणीत, तितक्याच ठळक छापावं ही विनंती. आम्ही ते वेळेत विचारलं नाही. लेकीचा डावा गुडघा आजही पूर्ण सरळ होत नाही.

आपली,
एक वाचक, कराड